हिशेब बारा जणांकडेच का मागता?

आवडता संघ हरला की आरोपी दहा मिनिटांत सापडतो. ज्यानं शेवटचा बॉल मारला तो. ज्याची फ्री थ्रो चुकली तो. ज्याच्या हातून पास निसटला तो. चौकशी होत नाही, त्याची बाजू कुणी ऐकत नाही. कॅमेऱ्यात जो दिसला तो दोषी.

मला हा न्याय मान्य नाही. तो आळशी आहे आणि क्रूरही आहे. पंगतीत भात करपलेला आला म्हणून वाढप्याला झोडपण्यासारखा आहे. जबाबदारी कोण दिसतो यावरून ठरत नाही, कुणाच्या हातात काय होतं यावरून ठरते. ज्याला जेवढे निर्णय घेता येत होते, त्याच्या डोक्यावर तेवढं ओझं.

बास्केटबॉलमध्ये हे विसरणं फार सोपं आहे. कोर्टवर एका संघाचे पाचच जण. प्रत्येक चुकीची नोंद होते, प्रत्येक चेहरा जवळून दिसतो. आणि सामना हरण्याचे खरे निर्णय मात्र बऱ्याचदा कोर्टच्या बाहेर, महिनोन्‌महिने आधी झालेले असतात. तिथे कॅमेरा नसतो.

निक अँडरसनपासून सुरुवात करतो.

जून १९९५. एनबीएची अंतिम मालिका, पहिला सामना, ऑर्लँडोच्या घरच्या कोर्टवर. ऑर्लँडो मॅजिककडे शकील ओनील आणि पेनी हार्डवे. समोर ह्यूस्टन रॉकेट्स. आदल्या वर्षीचे विजेते खरे, पण त्या मोसमात आपल्या विभागात सहाव्या क्रमांकावरून आलेले. शेवटचे काही सेकंद उरलेले, ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे. ऑर्लँडोच्या अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाल्या, दोन्ही चुकल्या. बॉल परत त्याच्याच हाती आला, पुन्हा फाउल, पुन्हा दोन. त्याही चुकल्या. ह्यूस्टनच्या केनी स्मिथनं तीन गुणांचा बॉल टाकून बरोबरी केली. जादा वेळेत ह्यूस्टन १२०-११८ नं जिंकलं आणि मालिका ४-० नं.

तीस वर्षं झाली. आजही त्या पराभवाचं नाव निक अँडरसन आहे.

आता हे ऐका. त्याच सामन्यात ऑर्लँडोकडे एका टप्प्यावर २० गुणांची आघाडी होती. ती कुणी घालवली? एकाचंही नाव घेता येत नाही, कारण ती सगळ्यांनी मिळून थोडी थोडी घालवली. बचाव करणाऱ्यांनी, रिबाउंड सोडणाऱ्यांनी, बेंचवरून डावपेच ठरवणाऱ्यांनी. आणि त्यानंतरचे तीन सामने? तेही चार फ्री थ्रोंमुळेच गेले का? चार चुका लक्षात ठेवायला सोप्या असतात, चाळीस चुका अवघड. म्हणून आपण चारच लक्षात ठेवतो.

त्याची किंमत त्या माणसानं मोजली. फ्री थ्रोच्या रेषेवर उभं राहणं त्याला जड जाऊ लागलं. १९९६-९७ च्या मोसमात त्याच्या फ्री थ्रोचं प्रमाण ४०.४ टक्क्यांवर घसरलं. त्याआधी ते सत्तरच्या आसपास असायचं. हात तोच, रेषा तीच, बास्केट तेवढ्याच उंचीवर. खांद्यावर मात्र सगळ्या गावाचं ओझं.

* * *

आता मोठं प्रकरण. अथेन्स, २००४.

१५ ऑगस्टला अमेरिकेचा ऑलिंपिकमधला पहिलाच सामना होता, पोर्तो रिकोशी. मध्यंतराला गुणफलकावर ४९-२७. यातले ४९ पोर्तो रिकोचे. शेवट ९२-७३. पोर्तो रिकोच्या कार्लोस अरोयोनं एकट्यानं २४ गुण केले आणि कोर्टवरून निघताना छातीवरचं देशाचं नाव ओढून साऱ्या स्टेडियमला दाखवलं. ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचा तोवरचा हा तिसराच पराभव. आधीचे दोन १९७२ आणि १९८८ चे, दोन्ही सोव्हिएत संघाकडून. १९९२ पासून एनबीएचे खेळाडू ऑलिंपिकला जाऊ लागले, त्यानंतरचा तर पहिलाच.

पुढे लिथुआनियानं ९४-९० नं हरवलं. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनानं ८९-८१ नं. हाती लागलं कांस्य.

मग सुरू झाली अमेरिकी खेळाडूंवर आरोपांची फैर. मार्बरीला नेम नाही. आयव्हरसन बॉल सोडत नाही. लेब्रॉन आणि कार्मेलो अजून पोरकट आहेत. आणि सगळ्यांना मिळून एक शिक्का: कोट्यधीश, लाडावलेले, देशाची पर्वा नसलेले.

देशाची पर्वा नसलेले? अहो, हे तर गेलेले होते!

२००३ च्या उन्हाळ्यात पात्रता फेरीसाठी सान हुआनला जो अमेरिकी संघ खेळला, त्यात जेसन किड होता, ट्रेसी मॅकग्रेडी होता, रे ॲलन होता, जर्मेन ओनील होता. त्या संघानं एकही सामना गमावला नाही. त्यातले वर्षभरानं अथेन्सला किती आले? तीन. टिम डंकन, ॲलन आयव्हरसन, रिचर्ड जेफरसन. बाकीचे नाना कारणांनी आले नाहीत. कुणी दुखापतीमुळे, कुणी थकव्यामुळे, कुणी सुरक्षेच्या काळजीनं, कारण ११ सप्टेंबरनंतरचं हे पहिलंच उन्हाळी ऑलिंपिक होतं. त्यांची कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. पण शिव्या कुणाला पडल्या? जे घरी राहिले त्यांना नाही, जे गेले त्यांना. आयव्हरसन मोडलेल्या अंगठ्यानं खेळत राहिला. मार्बरीनं उपांत्यपूर्व सामन्यात, तोवर एकही सामना न हरलेल्या स्पेनविरुद्ध ३१ गुण केले. ऑलिंपिकमध्ये तोवर एकाही अमेरिकी खेळाडूनं एका सामन्यात एवढे गुण केले नव्हते. हे दोघं त्या पराभवाचे खलनायक कसे काय?

पोर्तो रिकोविरुद्ध अमेरिकेनं तीन गुणांचे २४ बॉल मारले, तीनच पडले. हा आकडा सगळीकडे फिरला. त्यावरून खेळाडूंची अक्कल काढली गेली. मग मला सांगा, लांबून हमखास मारणारे नेमबाज त्या बारा जणांत होते कुठे? ते निवडायचं काम कुणाचं होतं? आंतरराष्ट्रीय सामन्यांत समोरचे संघ झोन बचाव लावून आत गर्दी करतात आणि बाहेरून मारायला भाग पाडतात, हे जगजाहीर होतं. डंकनला सोडलं तर बास्केटखाली भक्कम उभा राहील असा मुरलेला उंच खेळाडू नव्हता. लेब्रॉन १९ वर्षांचा, कार्मेलो २० चा, ड्वेन वेड २२ चा. गुणी पोरं, पण एनबीएचा एकेक मोसम खेळलेली. लेब्रॉन आणि कार्मेलो तर बराच वेळ बेंचवरच बसले. ही पोरं स्वतःच्या पायांनी चालत संघात शिरली नव्हती. त्यांना निवडलं होतं.

नियमही वेगळे होते. एनबीएत ४८ मिनिटांचा सामना, इथे ४० चा. तिथे सहाव्या फाउलला बाहेर, इथे पाचव्याला. तीन गुणांची रेषा वेगळी, बास्केटखालच्या पट्ट्याचा आकार वेगळा. अर्जेंटिनाविरुद्ध डंकन फाउलमुळे सामना संपण्याआधीच बाहेर गेला, तेव्हा त्याची जागा घेणारा तोडीचा कुणी नव्हता. हे अथेन्सला उतरल्यावर कळलेलं गुपित होतं का? नियमांचं पुस्तक छापील होतं. ते वाचून त्याप्रमाणे संघ बांधायचा, तर आधी वेळ हवा. संघ जुलैच्या अखेरीस फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला पहिल्यांदा एकत्र आला. ऑलिंपिकचा पहिला सामना १५ ऑगस्टला. तीन आठवडेसुद्धा नाहीत.

* * *

मग प्रशिक्षक लॅरी ब्राउन?

त्याच वर्षीच्या जूनमध्ये जा. एनबीएची अंतिम मालिका. एकीकडे लॉस एंजेलिस लेकर्स: शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. दुसरीकडे डेट्रॉइट पिस्टन्स: त्या तोलामोलाचा एकही तारा नसलेला, पण वर्षभर एकत्र घाम गाळलेला, बचावात एकमेकांची पाठ राखणारा संघ. पिस्टन्सनी लेकर्सना ४-१ नं लोळवलं. पिस्टन्सचे प्रशिक्षक कोण? लॅरी ब्राउन.

जूनमध्ये ब्राउन यांनी दाखवून दिलं की बांधलेला संघ जमवलेल्या ताऱ्यांना हरवतो. ऑगस्टमध्ये त्याच ब्राउन यांच्या हातात जमवलेले तारे दिले गेले आणि बांधलेल्या संघानं त्यांना हरवलं. दोन महिन्यांत माणसाची बुद्धी गेली का? बुद्धी तीच होती. बदलली होती ती मुदत, आणि संघ कुणी ठरवायचा हा अधिकार.

तरीही ब्राउन सुटत नाहीत. संघाच्या बांधणीबद्दलची नाराजी त्यांनी स्पर्धा सुरू असताना पत्रकारांसमोर बोलून दाखवली. तक्रार खरी असेलही. पण ज्या पोरांना उद्या पुन्हा कोर्टवर उतरायचं आहे, त्यांना आपल्याच प्रशिक्षकाच्या तोंडून आपण कमी आहोत हे ऐकावं लागणं, ही प्रशिक्षकाची चूक आहे. भांडण निवड समितीशी असेल तर बंद दाराआड करा, गरज पडली तर राजीनामा टेबलावर ठेवा. ज्यांच्याकडून जिंकायचं आहे त्यांच्या खांद्यावरून बंदूक चालवू नका.

आणि सगळ्यात मोठा वाटा त्यांचा, ज्यांना इशारे मिळाले होते. एक नव्हे, तीन मिळाले होते.

पहिला २००० मध्ये, सिडनीला. उपांत्य सामन्यात लिथुआनियाविरुद्ध अमेरिका ८५-८३ अशी जेमतेम वाचली. शेवटच्या क्षणी शारुनास यासिकेविचियुसचा बॉल पडला असता तर तिथेच निकाल लागला असता. चार वर्षांनी अथेन्सला याच यासिकेविचियुसनं २८ गुण करून तो हिशेब पुरा केला.

दुसरा २००२ मध्ये, आणि तो तर अमेरिकेच्याच भूमीवर, इंडियानापोलिसला. जागतिक स्पर्धेत अर्जेंटिनानं ८७-८० नं हरवलं, मग युगोस्लाव्हियानं, मग स्पेननं. बास्केटबॉल जन्माला घातलेला देश आपल्या घरात सहावा आला.

तिसरा खुद्द ऑलिंपिकच्या तोंडावर. ३ ऑगस्ट २००४ ला कोलोनच्या सराव सामन्यात इटलीनं ९५-७८ नं धुतलं.

एवढं होऊनही गृहीत काय धरलं? की बारा एनबीए खेळाडू विमानात बसवले की सुवर्णपदक आपोआप परत येईल. हा अहंकार मैदानावरच्या पोरांचा नव्हता, तो व्यवस्थेचा होता. आणि व्यवस्थेत होती एक समिती. समितीत जबाबदारी वाटली जाते आणि वाटता वाटता संपते. उत्तर द्यायला कुणीच उरत नाही, म्हणून ते १९ वर्षांच्या पोराकडे मागितलं जातं.

* * *

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न बहुतेकांनी विचारलाच नाही. अमेरिका का हरली, हे सगळे विचारत होते. अर्जेंटिना का जिंकली?

बलाढ्य संघाच्या चाहत्यांचा हा मोठा अपराध आहे असं मला वाटतं. आपला संघ हरला तर तो आपल्याच चुकीनं हरला असं त्यांना वाटतं, समोरच्याला जणू काही कर्तृत्वच नाही. अर्जेंटिनानं त्या उपांत्य सामन्यात नशिबानं चोरलेला विजय मिळवला नाही. मानू जिनोबिलीनं २९ गुण केले. स्कोला, नोसिओनी, ओबेर्तो, पेपे सांचेस ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांसोबत खेळलेली होती. कुणी पास कुठे देणार हे दुसऱ्याला न बघता कळत होतं. प्रशिक्षक रुबेन मान्यानो २००२ मध्येही तेच होते. अंतिम सामन्यात अर्जेंटिनानं इटलीला ८४-६९ नं हरवून सुवर्ण घेतलं. तारीख २८ ऑगस्ट. त्याच दिवशी अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघानंही सुवर्ण जिंकलं. १९५२ नंतर त्या देशाला ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण मिळालेलं नव्हतं, ती दोन एका दिवसात आली.

त्या विजयाची मुळं शोधायची तर अथेन्सच्या १९ वर्षं मागे जावं लागतं. लेऑन नाह्नुदेल नावाच्या प्रशिक्षकानं अर्जेंटिनात राष्ट्रीय लीग हवी म्हणून पिच्छा पुरवला. राजधानीपुरता अडकलेला खेळ छोट्या शहरांत गेला पाहिजे, देशभरच्या पोरांना वर्षभर चांगल्या स्पर्धेत खेळायला मिळालं पाहिजे, हा त्याचा आग्रह. १९८५ मध्ये ती लीग सुरू झाली. जिनोबिली, सांचेस यांच्यासारखे खेळाडू बाहिया ब्लांका या बंदराच्या गावातून आले. नाह्नुदेल १९९८ मध्ये गेला. सुवर्णपदक त्यानं पाहिलं नाही.

आता मला सांगा, एका विजयाचं श्रेय १९ वर्षं मागे जाऊन द्यावं लागत असेल, तर पराभवाचा दोष शेवटच्या १९ सेकंदांत कसा मावेल?

* * *

अमेरिकेनं त्यानंतर एक गोष्ट चोख केली आणि ती शिकण्यासारखी आहे.

त्यांनी पोरांना हाकललं नाही. मुळावर घाव घातला. २००५ मध्ये निवड समितीची पद्धत मोडीत काढली आणि राष्ट्रीय संघाची सूत्रं जेरी कोलँजेलो या एका माणसाकडे दिली. निवडीचा अधिकार त्याचा, उत्तरही त्याचंच. त्यानं खेळाडूंकडून एका उन्हाळ्याचा नव्हे, तीन वर्षांचा शब्द मागितला. प्रशिक्षक म्हणून ड्यूक विद्यापीठाचे माइक शेशेव्हस्की आणले.

आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत ते नापास झाले! २००६ ची जागतिक स्पर्धा, जपान. ग्रीसनं उपांत्य सामन्यात १०१-९५ नं हरवलं. जुनी सवय असती तर शेशेव्हस्की यांचं डोकं गेलं असतं. गेलं नाही. काम पुढे चालू राहिलं. २००८ मध्ये बीजिंगला स्पेनविरुद्ध ११८-१०७ नं सुवर्ण मिळालं. त्या संघात लेब्रॉन होता, कार्मेलो होता, वेड होता, कार्लोस बूझर होता. चौघंही अथेन्सचे 'अपराधी'. पुढे २०१२ आणि २०१६ चं सुवर्णही शेशेव्हस्की यांच्याच हाताखाली आलं.

ती चार पोरं तीच होती. वरची घडी बदलली आणि निकाल बदलला. दोष कुठे होता याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

याच्या उलट उदाहरण पाहिजे? मिलवॉकी बक्स.

२०२१ मध्ये बक्सनी ५० वर्षांनी एनबीएचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक माइक ब्यूडनहोल्झर. २०२३ मध्ये ५८ सामने जिंकून ते साऱ्या लीगमध्ये पहिले आले आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या मायामीकडून ४-१ नं हरले. त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू यानिस अँटेटोकुंबो पाठीच्या दुखापतीनं दोन सामने खेळलाच नाही. चौथ्या सामन्यात मायामीच्या जिमी बटलरनं ५६ गुण ओतले. पाचव्या सामन्यात यानिसच्या २३ पैकी १३ फ्री थ्रो चुकल्या आणि शेवटच्या क्षणी ब्यूडनहोल्झर यांनी हातात असलेला टाइमआउट वापरला नाही. म्हणजे वाटे अनेकांचे होते. प्रशिक्षकाचाही होता, तो मी लपवत नाही. पण बळी एकाचाच गेला. आठ दिवसांत ब्यूडनहोल्झर यांना काढलं.

पुढे? नवे प्रशिक्षक एड्रियन ग्रिफिन आले. ४३ पैकी ३० सामने जिंकून दिले, तरी जानेवारी २०२४ मध्ये त्यांनाही काढलं. मग डॉक रिव्हर्स आले. २०२४ मध्ये पहिल्या फेरीत बाहेर. २०२५ मध्ये पुन्हा पहिल्या फेरीत बाहेर.

प्रशिक्षकच का जातो? कारण त्याला काढणं सगळ्यात सोपं. खेळाडूंचे करार सहजी मोडता येत नाहीत, संघ रचणारा वरचा अधिकारी स्वतःविरुद्ध कागद काढत नाही आणि मालक स्वतःला नारळ देत नाही. प्रशिक्षकाला हाकलणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं दाखवणं. जबाबदारी घेणं ते नव्हे.

जबाबदारी घेणं म्हणजे काय ते व्हर्जिनिया विद्यापीठात पाहा. १६ मार्च २०१८. अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून पुरुषांत कधीच हरला नव्हता. १३५ सामने झाले होते, १३५ वेळा वरचाच जिंकला होता. त्या रात्री यूएमबीसी या मेरीलँडमधल्या छोट्या विद्यापीठानं व्हर्जिनियाला ७४-५४ नं हरवलं. मध्यंतराला २१-२१ होतं, म्हणजे २० गुणांची सगळी दरी एका अर्ध्यात पडली. तोवर एवढी मानहानी कुठल्याच पहिल्या मानांकनाच्या संघाची झाली नव्हती.

प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं की समोरचे सरस खेळले. पोरांकडे बोट दाखवलं नाही. विद्यापीठानं बेनेट यांच्याकडे बोट दाखवलं नाही. काइल गाय, टाय जेरोम, दुखापतीमुळे त्या रात्री न खेळलेला डिआंद्रे हंटर, सगळे परत आले. २०१९ मध्ये उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ उरलेला असताना काइल गाय फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला. दोन गुणांनी मागे, तीन फ्री थ्रो. तिन्ही पडल्या. अंतिम सामन्यात टेक्सस टेकला जादा वेळेत ८५-७७ नं हरवून व्हर्जिनिया पहिल्यांदाच विजेती झाली.

त्या तीन फ्री थ्रोंमागे वर्षभर कुणीतरी त्याच्या पाठीशी उभं होतं. निक अँडरसनच्या पाठीशी कोण होतं?

* * *

आता खेळाडूंचा वाटा. तो आहे, आणि मी तो माफ करणार नाही. पण तो नीट मोजा.

बॉल मारला आणि पडला नाही, ही चूक नव्हे. जगातले सर्वोत्तम नेमबाजही तीन गुणांचे निम्म्याहून अधिक बॉल चुकवतात. पण बॉल हरवल्यावर बचावाला धावत परत न येणं, सोबती उघडा उभा असताना त्याला न देणं, सरावाला मनानं गैरहजर राहणं ही चूक आहे, कारण हे त्याच्या हातात असतं. आणि संघातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा वाटा बाराव्या खेळाडूहून मोठा, कारण त्याच्या हातात अधिक असतं. सगळी व्यूहरचना त्याच्याभोवती उभी असते.

डर्क नोविट्झकीनं हे जगून दाखवलं. २००७ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनी ६७ सामने जिंकले आणि आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटकडून ४-२ नं हरले. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक डॉन नेल्सन पूर्वी डॅलसचेच होते. डर्कला कुठे रोखायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी दोनच बॉल पडले. आठ गुण. लीगमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला करंडक मिळाला तो संघ बाहेर पडल्यावर. तो कुठे निघून गेला नाही. त्याच संघात राहिला, खेळात नवे डाव भरत गेला आणि २०११ मध्ये मायामीला ४-२ नं हरवून विजेतेपद आणलं. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. वाटा उचलणं ते हे.

उरले आपण, पाहणारे. भारतात पहाटे गजर लावून एनबीए पाहणारी पोरंही यात आली.

पराभवात चाहत्याचा वाटा शून्य. हे कबूल करणं अनेकांना जड जातं, कारण त्यांना वाटतं आपण संघाचा भाग आहोत. पण पराभवानंतर त्याच्या तोंडून जे निघतं, त्याची जबाबदारी शंभर टक्के त्याची. आणि आता तर त्यात पैजेचा पैसा शिरलाय. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याची वाट मोकळी करून दिली. तेव्हापासून एका खेळाडूनं किती गुण केले, किती रिबाउंड घेतले यावरही पैसे लागतात. पैज हरलेला माणूस वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फोनवर धमक्या देतो. कॉलेज खेळांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी, चार्ली बेकर यांनी, २०२४ मध्ये राज्यांना अशा वैयक्तिक पैजा बंद करा असं जाहीर आवाहन केलं, ते उगाच नाही. पैज तुम्ही लावली. ती हरण्याची जबाबदारी त्या पोराची कशी?

'हा संघ जिंकणारच' हे वाक्यही खेळाडूनं लिहिलेलं नसतं. ते आम्ही लिहितो, आम्ही वर्तमानपत्रवाले आणि टीव्हीवाले. भाकीत आमचं, आणि ते खोटं ठरलं की गुन्हेगार तो? भाकीत चुकलं तर ते ज्यानं केलं त्याच्या नावावर जमा करा.

तेव्हा माझा हिशेब असा आहे. पहिला वाटा संघ निवडणाऱ्यांचा आणि त्याला वेळ देणाऱ्या-नाकारणाऱ्यांचा. दुसरा तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकाचा. तिसरा मोठ्या खेळाडूचा, मग बाकीच्यांचा. आणि या सगळ्यांच्या आधी एक मोकळी जागा सोडा, तिथे समोरच्या संघाचं नाव लिहा, कारण पुष्कळदा खरं उत्तर तेवढंच असतं.

पुढच्या वेळी तुमचा संघ हरला, तर ज्याचा बॉल चुकला त्याचं नाव घेण्याआधी तो संघ कुणी निवडला, त्याची नावं शोधून काढा. ती सापडली नाहीत, तर ती का सापडत नाहीत हे विचारा. जाब तिथे मागायचा असतो.